वाळ्याच्या ताटीपासून पत्र्याच्या कूलरपर्यंत

आम्हा गोंयकारांना कूलर ही वस्तू कधी कळलीच नाही, आणि कळायचं काही कारणही नव्हतं. मे महिन्यात कुणीतरी हौसेने एखादा आणतो, चार रात्री लावतो, आणि गादी-उशांना ओल चढली की गॅलरीत नेऊन ठेवतो. पुढे त्यात रोपं लागतात किंवा मांजर वितं. त्यामुळे बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या भागात पहिल्यांदा गेलेला आपला माणूस खिडक्याखिडक्यांना बाहेरून टांगलेली ती पत्र्याची खोकी पाहून चक्रावतो. तीन बाजूंना जाळ्या, आत गवतासारखं काहीतरी, खाली टाकी आणि पुढे भला मोठा पंखा. चालू झाला की घरात विमान उतरल्यासारखा आवाज. नात्यागोत्यामुळे भालकीकडे माझं जाणं-येणं आहे, तरी या खोक्याकडे मी बरीच वर्षं निव्वळ गैरसोय म्हणूनच पाहत होतो. त्याला एक इतिहास आहे आणि तो बराच लांबचा आहे, हे हळूहळू लक्षात आलं.

त्याआधी मुलखाविषयी थोडं. बिदर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ज्या महमूद गावानने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकून बहामनी राज्याला जोडला, त्याच गावानचा बिदरचा मदरसाही त्याच सुमाराचा. शिवाय बिदरचं पठार जांभ्या दगडाचं आहे. किल्ल्याच्या भिंती पाहिल्या की 'अरे, हा तर आपला चिरा!' असं तोंडातून निघतंच. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद तर आपल्या जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात पायाखालीच असायचं, शहाबादी फरशीच्या रूपाने. भाषेचं म्हणाल तर औराद, भालकी, बसवकल्याण आणि काही प्रमाणात आळंद इथे घरात मराठी, बाजारात कन्नड, मेस्त्रीशी दखनी असा सरमिसळ कारभार चालतो. १९५६ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषावार कापली गेली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे गेले, काही भाग आंध्रकडे गेला, आणि उरलेला म्हैसूर राज्यात आला. माणसं होती तिथेच राहिली. ऊनही तेच राहिलं.

तर ऊन. चिरा सारखा असला तरी हवा अगदी वेगळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. कलबुर्गीला पारा ४२-४३ पर्यंत चढतो, पण दुपारची हवा कोरडी ठणठणीत. बाहेर टाकलेलं धोतर पंधरा मिनिटांत कडक होतं. या कोरडेपणातच कूलरचं सारं रहस्य आहे. पाणी वाळताना भोवतालची उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते याचमुळे. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर वाळतं आणि तितका गारवा जास्त. ४२ अंशांची हवा आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला पारा २४ च्या आसपास उतरतो. बरा कूलर खोलीत २८-२९ अंशांची हवा सोडू शकतो. आपल्याकडे ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर तोच पारा २९ ला अडकतो, म्हणजे जिवाचा आटापिटा करूनही कूलर तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही. गोव्यात कूलरमध्ये मांजर विण्याचं कारण हे असं आहे.

ही युक्ती कुणी शोधली ते सांगता येत नाही, इतकी ती जुनी आहे. लिखित पुरावा पाहायचा तर अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या मुळांच्या भिंती करून त्यांवर पाणी शिंपडलेल्या दालनांचं वर्णन आहे, आणि त्यामुळे भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो अशी दरबारी थाटाची तारीफही. हाच खसखाना. पुढे राजवाड्यातून तो अमीर-उमरावांच्या, मग साहेबांच्या बंगल्यांत आला. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर पखालीने पाणी मारणारा भिस्ती. वारा पडलेला असेल तर ताटी कुचकामी, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी तिला यंत्र जोडलं. 'थर्मँटिडोट' असं त्याचं भारदस्त नाव. एक मोठा लाकडी पिंप, दोन्ही अंगांना वाळा, आत उफणणीच्या यंत्रासारखी पाती, आणि ती पाती हाताने फिरवायला एक माणूस. फॅनी पार्क्स नावाच्या इंग्रज बाईंनी १८५० मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या यंत्राबद्दल लिहिलं आहे. ते वाचताना मला भालकीच्या खिडकीतलं खोकंच डोळ्यांपुढे दिसत होतं. पंखा, ओली चटई, पाण्याची धार. भिस्त्याच्या जागी पंप आणि पाती फिरवणाऱ्याच्या जागी मोटर, एवढाच काय तो फरक.

पण हा 'एवढाच फरक' मला लहान वाटत नाही. जुन्या काळी लोक विजेशिवाय कसे गारव्यात राहत, किती निसर्गाशी जुळवून राहत, असं कौतुक हल्ली फार ऐकू येतं. खसखान्याला वीज लागत नव्हती हे खरं, पण ऊर्जा लागत होतीच, आणि ती माणसाच्या खांद्यातून यायची. आत एक जण झोपायचा आणि बाहेर दोघे ४२ अंशांत उभे. गुलबर्गा हे निजामी काळात सुभ्याचं ठिकाण. सुभेदाराच्या बंगल्यावर वाळ्याच्या ताट्या असणार, आणि त्या भिजवणारी माणसंही असणार. त्यांची नावं कुठल्या गॅझेटियरात नाहीत. दोनशे वॉटच्या मोटरने या मुलखात जे केलं ते हे, की गारवा सुभेदाराकडून काढून मास्तरच्या, कंडक्टरच्या, भुसार दुकानाच्या गुमास्त्याच्या घरात आणला.

सामान्य माणसाने त्याआधी काय केलं? त्याने घर जाड बांधलं. या भागातली जुनी घरं माळवदाची: हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारी आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी आणि अंगाला गारवा. रात्री सगळं घर वर, माळवदावर झोपायला. अशा घराला यंत्र लागत नव्हतं. माळवदाला दर पावसाळ्याआधी माती घालावी लागते, तुळयांना वाळवी लागते, आणि मुलगा नोकरीला लागला की तो पहिली गोष्ट करतो ती स्लॅब टाकतो. चार इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्रभर खाली सोडतो. मला तरी असं दिसतं की या गावांत कूलरची आणि स्लॅबची चाल एकमेकांच्या हातात हात घालून झाली. ज्या गल्लीत अजून माळवदं आहेत तिथे कूलर कमी. (आपल्याकडे कौलं उतरवून स्लॅब टाकणाऱ्यांनी पंख्यांचं बिल एकदा जुन्या बिलाशी ताडून पाहावं. असो.)

आता जो पत्र्याचा कूलर आपण पाहतो त्याचा एक पूर्वज अमेरिकेतलाही आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात लाकडाच्या भुश्शासारख्या तंतूंच्या गाद्या, पंखा आणि पाणी अशी घरगुती खोकी फार पसरली. 'डेझर्ट कूलर' हे नाव त्या वाळवंटी हवेचंच. आपल्याकडे वाळा महाग, म्हणून तेच लाकडाचे तंतू आले. त्यांना सगळे 'गवत' म्हणतात, पण ते गवत नव्हे, लाकडाचा कीस आहे. पुढे प्लॅस्टिकचे, चाकांवर फिरणारे, छापील नावाचे कूलर आले. अहमदाबादची सिम्फनी ही कंपनी १९८८ पासून त्या धंद्यात आहे. तरी बिदर-कलबुर्गीकडे पत्र्याचा कूलर गेला नाही. स्थानिक वर्कशॉपमध्ये पत्रा कापून, वाकवून, रिबेट मारून तो आजही बनतो.

टिकला तो का, हे पाहायचं तर होळी आणि पाडव्याच्या मधल्या दिवसांत जायला हवं. पोटमाळ्यावरून किंवा गच्चीवरच्या ताडपत्रीखालून कूलर खाली उतरतात. बुडाचा गंज खरवडला जातो, भोकं पडली असतील तिथे पत्र्याचा तुकडा ठोकून वर डांबर फासलं जातं. जाळ्या उघडून गेल्या वर्षीचं काळं, कडक झालेलं गवत काढतात. या भागातलं पाणी जड, त्यामुळे क्षारांची पुटं त्यावर बसलेली असतात. नवं गवत भरायला एक माणूस सायकलीवर गठ्ठे घेऊन हिंडतो. पंप फिरत नसेल तर उघडून त्यात अडकलेला केर काढायचा, नाहीतर नवा बसवायचा. मोटर घरघरत असेल तर बुश बदलायचं, सुरू व्हायला धक्का लागत असेल तर कंडेन्सर, आणि जळलीच असेल तर भरायला द्यायची. कूलरमधला एकही भाग असा नाही की जो तालुक्याच्या गावी मिळत नाही किंवा बसवता येत नाही. भालकीच्या एका मेस्त्रीकडे मी पंचवीस-तीस वर्षं जुना म्हणून सांगितलेला कूलर पाहिला. त्याचा सांगाडा तेवढा मूळचा. बूड दोनदा बदललेलं, मोटर तिसरी, पंप कितवा कुणास ठाऊक. मी म्हटलं, मग हा जुना कसा? मेस्त्री म्हणाला, "पत्रा हाय तवर कूलर हाय की, साहेब."

वस्तू जुनी ठेवावी की नवी घ्यावी, हा प्रश्न हल्ली आपण सगळ्या घराला एकच समजून विचारतो. एक पक्ष म्हणतो, जुनं ते टिकाऊ, फेकू नका, कचरा होतो. दुसरा म्हणतो, जुनं वीज खातं, काढून टाका. या कूलरकडे पाहिलं की दोघांचं भांडण वरवरचं वाटतं. पत्र्याचा सांगाडा वीज खात नाही. तो ठेवण्यात शुद्ध फायदा आहे. वीज खाते ती मोटर, आणि दोन-तीनदा भरलेली मोटर बहुधा आधीपेक्षा जास्तच खाते. अशा वेळी मोटर बदलावी. हल्ली निम्म्या विजेत चालणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरी मिळतात. म्हणजे एकाच वस्तूत काही ठेवण्यासारखं आणि काही टाकण्यासारखं असतं, फक्त ती वस्तू उघडता आली पाहिजे.

आणि ती दिवसाकाठी किती तास चालते हे पाहिलं पाहिजे. आजीच्या काळचा मिक्सर पाचशे वॉटचा असला तरी दिवसातून दहा मिनिटं फिरतो. तो बदलून काही वाचत नाही, भंगार मात्र वाढतं. छताचा जुना पंखा ७५ वॉटचा, पण उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास गरगरतो. नवे ३० वॉटच्या आसपासचे आहेत. ६० वॉटचा पिवळा बल्ब आणि ९ वॉटचा एलईडी यांच्यात तर वादच नको. एका एलईडी बल्बसाठी सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये मोजावे लागत होते आणि २०१६ पर्यंत तो भाव ३८ रुपयांवर आला, म्हणून तो बदल खेड्यापाड्यांत झाला. उपदेशाने झाला नसता. फ्रीज मात्र अवघड जागेचं दुखणं. चोवीस तास जोडलेला, आणि बंद डबा. वीस-पंचवीस वर्षांचा फ्रीज नव्या, चांगल्या तारांकनाच्या छोट्या फ्रीजच्या दुप्पट-तिप्पट वीज सहज घेतो, तेव्हा तो ठेवण्यात शहाणपण नाही. पण तो भंगारवाल्याकडे गेला की तांब्याच्या नळीसाठी हातोडी बसते आणि आतला वायू हवेत. २००८ पर्यंत भारतात ज्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचं उत्पादन चालू होतं, ते ओझोनला मारक वायू अशा जुन्या फ्रीजमध्ये असू शकतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि त्यांत उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. पण औरादच्या भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत तो नियम चालत यायला हवा ना?

आता या गोष्टीत वीजबिल येतं, आणि तेही नेमकं कलबुर्गीतच. कर्नाटक सरकारच्या 'गृहज्योती' योजनेचा आरंभ ५ ऑगस्ट २०२३ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कलबुर्गीत केला. सुरुवातीचा नियम असा: घराचा २०२२-२३ चा महिन्याचा सरासरी वापर काढायचा, त्यावर दहा टक्के वाढवायचे, आणि तेवढी वीज फुकट, पण महिन्याला २०० युनिटांच्या वर गेलात तर सगळं बिल भरायचं.

या नियमाने कूलरच्या बाजूने जे काम केलं ते कुठल्याही पर्यावरणवाद्याला जमलं नसतं. हिशेब सोपा आहे. दोनशे वॉटचा कूलर रोज आठ तास म्हणजे महिन्याला ४८ युनिट. दीड टनाचा एसी तेवढेच तास चालवला आणि तासाला सरासरी एक युनिटाहून थोडं जास्त धरलं तरी महिन्याला २७० च्या आसपास. म्हणजे एसी घेणारा दोनशेची रेघ एकट्या एसीने ओलांडतो. एप्रिल-मेमध्ये एसीपुढे हात जोडून लोक पुन्हा कूलरकडे वळतात ते प्रेमाने नव्हे, या रेघेमुळे.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू मला खटकते. ज्या घराने २०२२ च्या आधीच एलईडी लावले, मोटर बदलली, त्याची सरासरी खाली, म्हणून त्याला फुकट वीज कमी. ज्याने पिवळे बल्ब आणि जळकी मोटर तशीच ठेवली त्याला जास्त. शिवाय बिल शून्य आलं की हजार-बाराशे रुपये खर्चून नवी मोटर कोण बसवेल? मेस्त्रीच्या दुकानात लोक जळकी मोटर पुन्हा भरूनच नेतात. गरिबाला वीज मिळावी याबद्दल माझं दुमत नाही. फुकट विजेऐवजी त्याच पैशातला काही भाग पंखे आणि मोटरी बदलून देण्यात गेला असता तर ती वीज कायमची वाचली असती, एवढंच म्हणणं.

राहिलं पाणी, आणि इथे कूलरची बाजू लंगडी आहे हे मान्य करायला हवं. एक लिटर पाणी वाळताना साधारण पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता घेतं. दीड टनाच्या एसीइतका गारवा हवा तर कूलरला तासाला आठ लिटर पाणी पाजावं लागतं, आठ तासांना साठ-पासष्ट लिटर. ते कुठल्या मुलखात? ज्या मांजरा नदीच्या खोऱ्यात बिदर जिल्हा येतो, त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला लातूर आहे, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी बायका टँकरमागे घागरी घेऊन धावत असताना खिडकीतल्या खोक्यात पाणी ओतणं जिवावर येतं. भालकीकडे त्या दिवसांत कूलर नुसते पंखे म्हणून चालताना दिसायचे, टाकी कोरडी. मात्र एसीही काही कोरडा नाही. त्याची वीज जिथून येते तिथे, उदाहरणार्थ कृष्णाकाठच्या १७२० मेगावॅटच्या रायचूर औष्णिक केंद्रात, पाणीच लागतं. जुन्या औष्णिक केंद्रांना २०१५ च्या नियमाने युनिटामागे साडेतीन लिटरची कमाल मर्यादा घातली. ती धरली तर एसीच्या रोजच्या नऊ युनिटांमागे तीसेक लिटर पाणी गेलंच, फक्त ते दुसऱ्या गावच्या नदीतलं. आपल्या घागरीतून न गेलेलं पाणी दिसत नाही एवढंच.

आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज हे त्रिकूट जीवघेणं आहे. कूलरचा शॉक लागून माणूस, बहुतेक वेळा लहान मूल, गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येते. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची तार असतेच असं नाही. जुना कूलर ठेवायचा तर पहिला खर्च डांबरावर नव्हे, या तारेवर व्हायला हवा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यावरच पोसतो. जाताना गोव्याहून आम्ही काजू-फणस नेतो. एका वर्षी मी एक टेस्टर नेला होता आणि घरातल्या सगळ्यांची करमणूक केली होती. दोन कूलरांवर तो पेटला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्याच दिवशी वायरमनला बोलावणं गेलं.

हे सगळं चालतं ते मृग लागेपर्यंत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वळवाचे चार शिंतोडे पडून जातात, मग खरा पाऊस येतो आणि एका रात्रीत हवा बदलते. गवत ओलं असतं, पंप चालू असतो, पंखाही तसाच घोंघावतो, पण येणारा वारा चिकट लागतो, आपल्या पणजीच्या मेमधल्या दुपारीसारखा. घरातली म्हातारी माणसं हा वारा तोंडावर घेऊनच सांगतात की पाऊस आला, आता खोकं उतरवा. मग टाकीतलं पाणी तुळशीला घालतात, गवत परसात टाकतात, आणि कूलर पुन्हा ताडपत्रीखाली जातो.